लिहिलेल्या भिंती : शांतिनिकेतनातील भित्तिचित्रे, उत्सव आणि त्यांचा वाचक

वारली समाजात लग्नाचा चौक काढत नाहीत, ‘लिहितात’. मिथिलेत नवदांपत्याच्या खोलीतील कोहबर ‘लिहिला’ जातो आणि बंगालमधील पटुआही आपला पट ‘लिहितो’. एकमेकांपासून इतक्या दूरच्या तीन प्रदेशांनी चित्रासाठी लेखनाचे क्रियापद वापरावे, ही गोष्ट तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने केवळ भाषिक गंमत म्हणून सोडून देण्याजोगी नाही. भिंत लिहिली जात असेल, तर तिला वाचक असला पाहिजे. आणि हा वाचक कोण, तो केव्हा वाचतो व वाचून झाल्यावर त्या लेखनाचे काय होते, हे प्रश्न मग साहित्यविचाराच्याच कक्षेत येतात. वारली चौकापुरते उत्तर सोपे आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, धवलेरी गाणे म्हणते, आणि त्या गाण्याशिवाय चौक पुरा झाला असे कोणी मानत नाही. वाचक म्हणजे लग्नाला जमलेली माणसे. लग्न झाले की पीठ झडू लागते, त्याबद्दल कोणी हळहळत नाही. प्रसंगाचे जेवढे आयुष्य, तेवढेच लेखनाचे.

प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र वारली चौक नाही. एका आधुनिक शिक्षणसंस्थेने, जाणीवपूर्वक, एका लहान गावात भिंत आणि उत्सव यांचा हा संबंध नव्याने जुळवू पाहिला, त्याचा हा विचार आहे. ते गाव म्हणजे पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील, बोलपूरला लागून असलेले शांतिनिकेतन. येथील भित्तिचित्रांवर कलासमीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. अजिंठा, राजस्थान, जपान आणि आरंभीचे इटालियन भित्तिचित्रकार यांच्याशी असलेले त्यांचे नाते तपासले गेले आहे; आर. शिवकुमार यांनी १९९७च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने मांडलेली ‘संदर्भनिष्ठ आधुनिकते’ची कल्पना तर आता सर्वपरिचित आहे. साहित्याभ्यासकांनी मात्र या भिंतींकडे रवींद्रवाङ्मयाची सजावट यापलीकडे क्वचितच पाहिले. या दोन्ही वाचनांतून एक गोष्ट निसटते असे मला वाटते. येथील भिंत ही उत्सवापासून वेगळी काढून वाचता येत नाही. ती उत्सवाचेच थांबलेले रूप आहे, आणि उत्सवाला जमणारा समाज पातळ झाला की भिंतीचा अर्थही पातळ होतो.

गावाची रचनाच याला कारण आहे. १९०१ साली शाळा, १९१९ साली कलाभवन, १९२१ साली विश्वभारती हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. पण पौषमेळा त्याही आधीचा, १८९४ सालचा. म्हणजे विद्यापीठाच्या आधी जत्रा होती. बाऊल, कुंभार, लोहार, संथाळ वस्त्यांतील माणसे आणि कोलकात्याहून आलेले भद्रलोक एका मैदानात येण्याची रीत येथे कलाशिक्षणाच्या आधीपासून रुळलेली होती. रवींद्रनाथांनी या पंचांगात पुढे भर घातली. १९२८ साली वृक्षारोपण आणि हलकर्षण हे दोन उत्सव सुरू झाले आणि नंदलाल बसूंनी १९३० साली श्रीनिकेतनात हलकर्षणाचे भित्तिचित्र केले. हे अंतर लक्षात घ्यावे. नांगर धरण्याचा समारंभ नुकताच कोठे रूढ होत असताना तो भिंतीवर आला. एखाद्या प्राचीन विधीची ही स्मृती नव्हे; नव्या विधीला जुनेपण देण्याचा हा प्रयत्न आहे. भिंतीने उत्सवाची नोंद केली, त्याहून अधिक तिने उत्सवाला आधार दिला.

याच दृष्टीने ‘नटीर पूजा’ची साखळी पाहण्यासारखी आहे. बौद्ध अवदानातील एक कथा. तिच्यावरून रवींद्रनाथांची ‘कथा’ या संग्रहातील ‘पूजारिणी’ ही कविता. त्या कवितेवरून १९२६ साली नाटक. राजाने बुद्धपूजेला बंदी केली आहे, राजनर्तकी श्रीमतीला स्तूपापुढे नाचण्याची आज्ञा होते, ती नाचता नाचता अलंकार उतरवते, नृत्याचीच पूजा करते आणि मारली जाते. शांतिनिकेतनातील पहिल्या प्रयोगात श्रीमतीची भूमिका नंदलालांची कन्या गौरी हिने केली. पुढे १९४२ साली नंदलालांनी चीनाभवनाच्या भिंतीवर ‘नटीर पूजा’ रेखाटली आणि १९४३ साली बडोद्याच्या कीर्तिमंदिरात तीच कथा पुन्हा काढली.

कथा, कविता, नाटक, नृत्य, भिंत, आणि मग दुसऱ्या गावातील भिंत. रूपांतराच्या अभ्यासकाला याहून सुबक उदाहरण मिळणे कठीण. पण सुबकपणाच्या मोहात पडून या प्रत्येक टप्प्याला सारखे वजन देणे चुकीचे ठरेल. यातला निर्णायक टप्पा प्रयोगाचा आहे. सुशिक्षित घरातील मुलीने लोकांसमोर नाचणे ही १९२६ साली साधी गोष्ट नव्हती. मराठी रंगभूमीवर त्या काळी बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत होते आणि प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी स्त्रीभूमिका कराव्यात याची ठळक खूण म्हणून आपण ज्या ‘आंधळ्यांची शाळा’कडे बोट दाखवतो, ते नाटक १९३३चे. म्हणून चीनाभवनाच्या भिंतीवरची नटी पाहताना तेथील प्रेक्षकाला अवदानातील श्रीमती आठवण्याआधी एक विशिष्ट मुलगी, एक विशिष्ट संध्याकाळ आणि त्या संध्याकाळी घेतलेली जोखीम आठवणे शक्य होते. ज्यांनी तो प्रयोग पाहिला होता, ते त्या भिंतीचे पहिले वाचक. बडोद्याच्या कीर्तिमंदिरात ही सोय नाही. सयाजीराव गायकवाडांनी बांधवलेले ते घराण्याचे स्मारक. तेथे गंगावतरण, मीरेचे चरित्र आणि अभिमन्यूच्या कथेशेजारी ‘नटीर पूजा’ येते, तेव्हा ती पुराणकथांच्या ओळीत जाऊन बसते. चित्रकार तोच, कथा तीच, आणि कारागिरीच्या दृष्टीने बडोद्याचे काम उणे आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही एक भिंत साक्ष देते आणि दुसरी केवळ गोष्ट सांगते. हा फरक शैलीतून सिद्ध होत नाही. भिंतीपुढे कोण उभे आहे यातून होतो.

येथे मराठी वाचकाला जवळचा असा एक प्रसंग आठवणे योग्य ठरेल. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालांनी तेथील नगराची सजावट केली आणि आजूबाजूला मिळणाऱ्या बांबूसारख्या साहित्यावर सारी भिस्त ठेवली. आपल्या राजकीय इतिहासलेखनात फैजपूरला मानाचे स्थान आहे, पण सार्वजनिक कलेच्या मराठी चर्चेत त्याचा उल्लेख अभावानेच होतो. कारण उघड आहे. तेथले काहीच उरले नाही. फेब्रुवारी १९३८च्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालांनी ऐंशीच्या आसपास फलक रंगवले आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या प्रती केल्या. ते उरले, संग्रहालयात गेले, छापले गेले, आणि म्हणून ‘हरिपुरा’ हे नाव कलेच्या इतिहासात रूढ झाले. पण ढोलकरी, शिंपी, कुंभार, धान्य कांडणारी बाई यांची ती चित्रे मुळात फाटकांवर आणि मांडवांवर टांगण्यासाठी होती. अधिवेशनाला आलेल्या शेतकऱ्याने चालता चालता पाहावीत इतकी ठसठशीत, थोड्या रेषांत संपणारी. आज ती चौकटीत, काचेमागे, डोळ्यांच्या उंचीवर लावलेली असतात. आपण ती जवळ जाऊन निरखतो आणि रेषेचा वेग वाखाणतो. हा वेग जाणाऱ्या-येणाऱ्याच्या वेगाशी जुळवलेला होता, हे मात्र संग्रहालयाच्या शांततेत सुचत नाही.

आता ज्या भिंतीसाठी हा निबंध लिहावासा वाटला, तिच्याकडे वळतो. हिंदीभवनातील दालनात, तीन भिंतींच्या वरच्या भागात, बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४६-४७ साली मध्ययुगीन संतांचे जीवन रंगवले. रामानुज, कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंग. पण संतांची अशी यादी दिली की चित्राविषयी गैरसमजच होतो. कारण भिंतीवर यादी नाही, प्रवाह आहे. घाट, गल्ल्या, झाडे, वाटसरू, बायका, गुरे यांच्यामधून संत उगवतात आणि पुन्हा गर्दीत मिसळतात. कबीर मागावर बसलेला आहे, आणि तो कबीर आहे म्हणून मागावर नव्हे, तर मागावर आहे म्हणून कबीर आहे, असे वाटावे इतकी त्याची ओळख त्याच्या कामात आहे. एका संताचे चरित्र कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते, हे बोट ठेवून सांगता येत नाही.

या रचनेला वाङ्मयीन पार्श्वभूमी आहे. क्षितिमोहन सेन शांतिनिकेतनात राहूनच संतवाणीचा संग्रह आणि विचार करीत होते. हजारीप्रसाद द्विवेदी हिंदीभवनात होते आणि त्यांचा ‘कबीर’ हा ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला होता. चित्र या ग्रंथांवर आधारलेले आहे, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. उलट असे म्हणावेसे वाटते की ग्रंथांना जे करता आले नाही ते भिंतीने केले. भारतीय साहित्याचा इतिहास लिहिताना आपण प्रकरणे पाडतो : हिंदीतील भक्ती, मराठीतील भक्ती, पंजाबीतील भक्ती. प्रत्येक प्रकरणाला भाषेचे कुंपण असते, आणि मग शेवटी ‘साम्ये’ शोधण्याची कसरत. बिनोदबिहारींच्या भिंतीवर भाषेला जागाच नाही. म्हणून तेथे साम्य शोधावे लागत नाही. जमीन एकच आहे आणि माणसे तिच्यावरून चालत आहेत.

मराठीत या भिंतीला जुना सोबती आहे. ताहराबादच्या महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला, आणि त्यात नाभादासाच्या भक्तमाळेचा आधार घेऊन कबीर, तुलसीदास, नरसी मेहता यांना नामदेव-ज्ञानदेवांच्या पंगतीला बसवले. महिपतीला भाषाभेदाची अडचण वाटली नाही, कारण त्याच्या दृष्टीने सारे एकाच देवाचे भक्त होते. संत एकमेकांना भेटतात ते चमत्कारातून आणि देवाच्या मध्यस्थीने. बिनोदबिहारींच्या भिंतीवर मध्यस्थ देव नाही. तेथे संतांना जोडणारी गोष्ट म्हणजे बाजार, घाट आणि काम. अठराव्या शतकातील कीर्तनपरंपरेचा ग्रंथ आणि विसाव्या शतकातील भिंत यांतले हे अंतर मला फार महत्त्वाचे वाटते. आणि १९४६ हे साल विसरता येत नाही. त्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात माणसे माणसांना कापत होती. तेथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर एक चित्रकार भिंतीवर विणकराचा माग उभा करीत होता. चित्रात दंगलीचा मागमूस नाही. त्याची गरजही नव्हती.

कीर्तनाचा उल्लेख आला आहे, तर तंत्राविषयी दोन शब्द. हे काम ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर केलेले आहे. गिलावा ओला असेतो रंग लावायचा. चुना वाळताना रंग भिंतीचाच होऊन जातो. म्हणजे जेवढे आज रंगवून होईल तेवढाच गिलावा आज द्यायचा, आणि चुकले तर पुसता येत नाही, खरवडून पुन्हा गिलावा द्यावा लागतो. शिवाय बिनोदबिहारींनी पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा भिंतीवर छापून घेतला नव्हता, के. जी. सुब्रमण्यन, लीला मुखर्जी अशा विद्यार्थी-सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते थेट रंगवत गेले. दृष्टी जन्मापासून अधू, पुढच्या दशकात ती पूर्ण जाणार होती. कीर्तनकार आख्यान पाठ करून उभा राहत नाही. कथा त्याला ठाऊक असते, पण शब्द समोरच्या श्रोत्यांच्या साक्षीने सुचत जातात आणि उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही. ओल्या गिलाव्याची शिस्त हीच आहे. या अर्थाने ही भिंत मुळातच एक प्रयोग आहे, केवळ त्याचा शेवटचा शब्द अजून हवेत आहे.

तरीही एक आक्षेप नोंदवला पाहिजे, आणि तो मी माझ्या आवडत्या कलाकृतीवर घेत आहे. हे चित्र दालनाच्या आत आहे. संत गर्दीत आहेत, पण गर्दीला संतांपर्यंत जाण्यासाठी दार उघडावे लागते, आणि दाराची किल्ली कार्यालयात असते. गेल्या काही वर्षांत शांतिनिकेतनला तीनदा जाणे झाले. त्यांतल्या एका खेपेला दालन बंद होते आणि मी व्हरांड्यातून परतलो. तक्रार करण्याजोगे त्यात काही नाही, चित्राला जपणे आवश्यकच आहे. पण मागावरचा कबीर ज्यांच्यासाठी ओळखीचा, तो बोलपूरच्या बाजारातला विणकर या भिंतीचा वाचक कधी झाला असेल का, हा प्रश्न व्हरांड्यात उभे राहिल्यावरच नीट कळतो. ‘सार्वजनिक’ हे विशेषण विषयावरून ठरत नाही, वाटेवरून ठरते.

या कसोटीवर १९३४ साली उभारलेली कलाभवनाची ‘कालो बाडी’ पुढे जाते. मातीत डांबर मिसळून केलेल्या काळ्या भिंती, त्यांवर शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून केलेली उठावचित्रे. कलावंत म्हणून कोणा एकाचे नाव पुढे करता येऊ नये, असे हे काम. माती असल्यामुळे ते दरवर्षी पावसाशी झगडते आणि पुन्हा पुन्हा लिंपावे लागते. जवळच्या संथाळ वस्त्यांत बायका सोहराय सणाच्या आधी घराच्या भिंती सारवतात, रंगीत मातीचे पट्टे देतात, तेव्हा भिंतीला पुन्हा लिंपणे हाच सणाचा भाग असतो. कालो बाडीने संथाळ घराकडून आकृतिबंध घेतला असे कलासमीक्षक सांगतात, ते खरेच. पण त्याहून मोठी उसनवारी म्हणजे हा लिंपण्याचा नेम. भिंत टिकते ती पक्की असल्यामुळे नव्हे, तर दरवर्षी कोणीतरी हात लावते म्हणून. रामकिंकर बैज यांनी १९३८ साली सिमेंट आणि लाल खडीतून उघड्यावर उभे केलेले संथाळ कुटुंब आता छपराखाली आहे. त्या शिल्पाविषयी येथे अधिक लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे.

हे सारे आज लिहिताना दोन घटना टाळता येत नाहीत. पौषमेळ्याच्या मैदानाभोवती विद्यापीठाने भिंत बांधावयास घेतली, आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी जमावाने ते बांधकाम पाडले. मैदानाची हद्द आखणे आवश्यक होते असे विद्यापीठाचे म्हणणे होते. गावकऱ्यांना आपली वहिवाट जाते आहे असे वाटत होते. कोणाचे किती खरे, हा निवाडा देणे माझे काम नाही. पण ज्या गावाने भारतीय भिंतीला नवे लेखन दिले, त्याच गावात भिंत हा शब्द कोऱ्या, न लिहिलेल्या, केवळ अडवणाऱ्या वस्तूसाठी वापरात यावा, याची नोंद न करता पुढे जाणे साहित्याच्या विद्यार्थ्याला अशक्य आहे. त्या वर्षी साथीमुळे मेळा झाला नाही. पुढची दोन वर्षेही विद्यापीठाने तो मैदानात भरवला नाही. २०२३ साली जिल्हा प्रशासनाने भरवला आणि २०२४ साली तो पुन्हा विद्यापीठ व शांतिनिकेतन न्यासाकडे आला. मधल्या काळात, १७ सप्टेंबर २०२३ रोजी, शांतिनिकेतनचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

वारसा ठरल्यामुळे गिलाव्याला, रंगाला, छपराला संरक्षण मिळेल. ते मिळालेच पाहिजे. पण वारसा म्हणजे जे आहे ते तसेच ठेवणे, आणि या गावातील काही भिंती तशाच ठेवल्या तर त्यांचे मूळ लेखन थांबते. या प्रश्नाची चाहूल सुब्रमण्यन यांच्या कामात आधीच लागते. हिंदीभवनाच्या भिंतीपाशी विद्यार्थी म्हणून उभे राहिलेले हेच सुब्रमण्यन. १९९०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी कलाभवनातील एका इमारतीच्या बाहेरच्या अंगाला काळ्या-पांढऱ्यात चित्रे केली : पशू, पक्षी, झाडे, माणसे, पुराणांतल्या आकृती, सारे वाटेवरून दिसणारे. ऊनपावसाने ती विटली. तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या सुब्रमण्यन यांनी २००९नंतर ती भिंत नव्याने रंगवली. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर लेखकाने स्वहस्ते दुसरी आवृत्ती काढली आणि पहिलीवर ती चढवली. पहिली आवृत्ती आता छायाचित्रांत आहे.

२०१६ साली सुब्रमण्यन गेले. आता त्या भिंतीवर ऊन पडतेच आहे, पाऊसही. तिसरी आवृत्ती कोणी लिहायची, की दुसरीलाच रसायनांनी थोपवून धरायचे, हे ठरवणारी मंडळी बहुधा स्थापत्य आणि रसायन यांची जाणकार असतील. त्या बैठकीत साहित्याच्या अभ्यासकाला कोणी बोलावणार नाही. बोलावले, तर त्याने वारली धवलेरीची गोष्ट सांगावी आणि डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवशी, १९७३पासून कलाभवनाच्या आवारात भरत आलेल्या नंदनमेळ्यात, त्या काळ्या-पांढऱ्या भिंतींच्या आसपास विद्यार्थी आपापल्या वस्तू मांडून बसतात, तेव्हा ती बैठक भरवावी असे सुचवावे.